स्विंग खालून ऐका: बिग बँड, ७८च्या तबकड्या आणि नाचणारे पाय

प्रश्न थोडक्यात असा आहे. बिग बँड आणि १९३०-४०च्या दशकांतलं नाचाचं संगीत, म्हणजेच स्विंग, ऐकायला, जमल्यास त्यावर नाचायला सुरुवात करायची आहे. ऑनलाइन ऐकून पाहिलं तर दहाव्या गाण्यापर्यंत सगळं एकसारखंच वाटायला लागलं. जुन्या ध्वनिमुद्रणांचा आवाज दबका वाटला. आणि घरच्या माळ्यावर ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) काही तबकड्या सापडल्या आहेत, त्यांचं काय करावं तेही कळत नाही.

सगळं सारखं वाटतं याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. गाणं लागलं की आपला कान आधी चाल पकडतो, मग शब्द. स्विंगमध्ये चाल बऱ्याचदा अगदीच किरकोळ असते, चार सुरांचा तुकडा आणि त्याचीच उलटसुलट. शब्द असलेच तर ‘चंद्र, तू आणि मी’ याच्या फार पुढे जात नाहीत. खरी गंमत खाली, तालाच्या तळाशी चाललेली असते. म्हणून पहिले पंधरा दिवस एकच करा: ट्रंपेट-सॅक्सोफोनकडे दुर्लक्ष करून फक्त डबल बेस ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर तो ऐकूच येत नाही, त्यामुळे साधे का होईना, हेडफोन लावा. निम्म्या लोकांचा ‘सारखं वाटतं’चा त्रास इथेच संपतो.

बेस काय करतो? चार ठोक्यांच्या प्रत्येक मापात चार स्वर, एकेका ठोक्याला एक, पायऱ्या चढल्या-उतरल्यासारखे. त्यावर गिटार. ती विजेवर चालणारी नसते, साधी पोकळ गिटार असते आणि चारही ठोक्यांना ‘चक-चक-चक-चक’ करत असते. पियानोवादक काउंट बेसीच्या बँडमध्ये गिटारवाला फ्रेडी ग्रीन १९३७ साली आला आणि जवळजवळ पन्नास वर्षं त्याने हेच केलं. त्याची गिटार वेगळी अशी ऐकू येत नाही, पण ती काढून घेतली तर बँड लंगडा होईल. ड्रमवाला पायातला मोठा ढोल चारही ठोक्यांना अगदी हलका लावतो आणि पायानेच मिटणारी झांजांची जोडी, म्हणजे हाय-हॅट, दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला मिटवतो. ही दोन-चारची ‘चिक’ पकडायला शिका. आपला कान समेची वाट पाहत बसतो आणि टाळी आपोआप एकवर पडते. स्विंगमध्ये एक आणि तीनवर टाळ्या पडल्या की सगळं कवायतीसारखं ऐकू येतं. टाळी, चुटकी, मान, जे काही हलवायचं ते दोन आणि चारवर.

आता ‘स्विंग’ म्हणजे नेमकं काय? एका ठोक्याचे दोन स्वर वाजवायचे असतील तर ते निम्मे-निम्मे न वाजवता पहिला लांब, दुसरा आखूड वाजवतात. मध्यम लयीत साधारण दोनास एक, म्हणजे मात्रेचे तीन भाग करून पहिल्या स्वराला दोन आणि दुसऱ्याला एक. लय वाढत गेली की हा फरक कमी होतो आणि अगदी जलद गाण्यात दोन्ही स्वर जवळजवळ सारखे होतात. नोटेशनमध्ये हे सरळच लिहिलेलं असतं, ते डुलवायचं वाजवणाऱ्याने. त्यामुळेच वाचनात पक्का असलेला एखादा ऑर्केस्ट्रा हीच पानं बिनचूक वाजवतो आणि तरीही पाय हलत नाही.

बँडची रचना माहीत असली की कान सैरभैर होत नाही. या काळाच्या सुरुवातीला साधारण तेरा-चौदा माणसं असत: तीन ट्रंपेट, दोन ट्रॉम्बोन, चार सॅक्सोफोन आणि पियानो, गिटार, बेस, ड्रम असा चौघांचा तालविभाग. पुढे तो आकडा सतरावर स्थिरावला: पाच सॅक्सोफोन (दोन आल्टो, दोन टेनर, एक बॅरिटोन), चार ट्रंपेट, चार ट्रॉम्बोन आणि तालविभागाचे चार. आपल्याकडच्या वरातीच्या ब्रास बँडशी याची तुलना करू नका. तिथे सगळे मिळून एक चाल वाजवतात. इथे तीन गट एकमेकांशी बोलतात, एक विचारतो, दुसरा उत्तर देतो, आणि मधेच कुणीतरी एकटा उठून आपलं म्हणणं मांडतो.

हे सगळं एका तबकडीत पाहायचं असेल तर काउंट बेसीचं ‘वन ओ’क्लॉक जंप’ घ्या, डेक्का कंपनीसाठी ७ जुलै १९३७ रोजी मुद्रित झालेलं. हे बारा मापांचं ब्लूज आहे: बारा मापं, म्हणजे ४८ ठोके, झाले की एक फेरा पुरा, आणि पुन्हा पहिल्यापासून. एक फेरा साधारण १६-१७ सेकंदांचा. सुरुवातीला आठ मापं प्रस्तावना, मग बेसीचा पियानो दोन फेरे. त्यानंतर सूरपट्टी बदलते (एफवरून डी-फ्लॅटवर) आणि हर्शेल इव्हान्सचा टेनर सॅक्सोफोन येतो, भरदार, थोडा थरथरता. त्याच्यानंतर जॉर्ज हंटचा ट्रॉम्बोन, मग लेस्टर यंगचा टेनर. इथे थांबा आणि इव्हान्स व यंग पाठोपाठ दोनदा-तीनदा ऐका. वाद्य तेच, बँड तोच, आणि माणसं पूर्ण वेगळी: इव्हान्स सुरावर झुकतो, यंग हलका, कोरडा, ठोक्याच्या किंचित मागे रेलून बसल्यासारखा. मग बक क्लेटनचा ट्रंपेट, त्यानंतर एक फेरा नुसता तालविभाग. या फेऱ्यात बेसी जवळजवळ काहीच वाजवत नाही, इकडे दोन स्वर, तिकडे एक. वॉल्टर पेजचा बेस, ग्रीनची गिटार आणि जो जोन्सच्या झांजा उघड्यावर येतात. शेवटचे तीन फेरे सगळा बँड, तीन गट तीन वेगळे छोटे तुकडे एकमेकांवर रचत जातात. या तुकड्यांना रिफ म्हणतात. एकूण दहा फेरे आणि सुमारे तीन मिनिटं, कारण दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तेवढंच मावायचं.

एकट्याचं वादन चालू असताना मागे कोण काय करतंय ते पुढच्या खेपेला ऐका. हंटच्या ट्रॉम्बोनमागे सॅक्सोफोन चालू असतात, सॅक्सोफोन पुढे आला की पितळी वाद्यं मागे जातात. हे बेत बँडने बऱ्याच अंशी तोंडी, वाजवता वाजवता बसवलेले असत. बेसीचा बँड जिथे घडला त्या कॅन्सस सिटीची ही खासियत. न्यूयॉर्कच्या फ्लेचर हेंडरसनच्या परंपरेत मात्र सगळं कागदावर लिहिलेलं असे.

ब्लूज नसेल तर बहुतेक गाणी बत्तीस मापांची असतात, आठ-आठच्या चार ओळी: पहिली, तिची पुनरावृत्ती, मग वेगळी तिसरी, आणि पुन्हा पहिली. ध्रुवपद-अंतरा ऐकून तयार झालेल्या कानाला तिसरी ओळ आपोआप ओळखू येते. तिथे सूर जरा दूर जातात आणि ड्रमवाला बहुधा झांज बदलतो. ‘आता कुठे आहोत’ हे कळायला लागलं की ऐकणं आणि नाचणं दोन्ही एकदम सोपं होतं.

कुणाला ऐकायचं? लोक ग्लेन मिलरपासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात, हे मला पटत नाही. मिलर कारागीर म्हणून पक्का होता. चालीची वरची रेघ क्लॅरिनेटला, तीच रेघ खालच्या सप्तकात टेनरला आणि मधली पोकळी बाकीच्या सॅक्सोफोननी भरलेली, हा त्याचा आवाज दोन सेकंदांत ओळखू येतो. ‘इन द मूड’ (१९३९) मध्ये शेवटी तोच तुकडा हळू आवाजात, आणखी हळू आवाजात येत जातो आणि अचानक पूर्ण आवाजात परत येतो. नाचणाऱ्यांना फसवायची ती युक्ती आजही चालते. पण त्याच्या बँडमध्ये अपघाताला जागा नाही. चार दिवसांत रस संपतो आणि दोष स्विंगला दिला जातो.

त्यापेक्षा हा क्रम धरा. बेसीची १९३७ ते ३९ मधली डेक्काची मुद्रणं. मग ड्यूक एलिंग्टनची १९४० ते ४२ मधली व्हिक्टर कंपनीची मुद्रणं: ‘को-को’, ‘कॉटन टेल’, ‘हार्लेम एअर शाफ्ट’. एलिंग्टन ‘ट्रंपेटसाठी’ लिहीत नसे, कूटी विल्यम्ससाठी लिहीत असे. विल्यम्सचा आणि ट्रॉम्बोनवाल्या ट्रिकी सॅम नँटनचा तो गुरगुरणारा, माणूस बोलतोय असा आवाज येतो कसा? मोरी तुंबल्यावर वापरतात त्या पंपाची रबरी वाटी वाद्याच्या तोंडावर उघडझाप करून. त्यानंतर जिमी लन्सफर्ड, ज्याचा बँड चारऐवजी दोन ठोक्यांवर डुलतो आणि तरी पडत नाही. चिक वेब ऐका ड्रमसाठी. ‘स्टॉम्पिन’ ॲट द सॅव्हॉय’ हे एडगर सॅम्प्सनचं गाणं वेबचं १९३४चं आणि बेनी गुडमनचं १९३६चं, असं लागोपाठ लावा. गुडमनचा बँड घासूनपुसून लख्ख, वेबचा अंगावर येणारा. मग गुडमनकडे या, कार्नेगी हॉलमधल्या १६ जानेवारी १९३८च्या मैफिलीच्या मुद्रणापासून. आर्टी शॉ, टॉमी डॉर्सी, हॅरी जेम्स हे नंतरही चालतील.

इतिहासाचा तपशील मोजकाच लागतो. २१ ऑगस्ट १९३५ला लॉस एंजेलिसच्या पॅलोमार बॉलरूममध्ये गुडमनने हेंडरसनची पानं वाजवायला घेतली आणि तरुण पोरं वेडी झाली, ही या काळाची रूढ सुरुवात. नाच मात्र आधीपासून न्यूयॉर्कच्या हार्लेम या काळ्या वस्तीत, १९२६ला उघडलेल्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये घडत होता. तिथे काळे-गोरे एकाच फरशीवर नाचत. त्या काळच्या अमेरिकेत हे दुर्मीळ होतं, कॉटन क्लबमध्ये तर वाजवणारे काळे आणि प्रेक्षक फक्त गोरे. सॅव्हॉयमध्ये दोन व्यासपीठं होती, एक बँड थांबला की दुसरा सुरू, त्यामुळे नाच थांबत नसे आणि बँडना एकमेकांवर मात करावी लागे. ११ मे १९३७ला तिथे वेबने गुडमनला हरवलं, असंच त्या रात्रीबद्दल सांगतात. शेवट कशामुळे झाला? वादकांच्या संघटनेने ऑगस्ट १९४२ पासून मुद्रणावर टाकलेला बहिष्कार, युद्धासाठीची सैन्यभरती, इंधनाचं रेशन आणि १९४४ पासून नाचाच्या जागांवर बसलेला जबर करमणूक कर. सतरा माणसांचा पगार आणि बस परवडेनाशी झाली.

आता दबका आवाज. मुद्रण जुनं आहे म्हणून आवाज वाईट, हा समज अर्धाच खरा आहे. १९२५ पासून मायक्रोफोन वापरून, विजेवर मुद्रण होत होतं आणि १९३७च्या चांगल्या तबकडीत झांजांची धार स्पष्ट असते. ती आपल्यापर्यंत येईतो तीन ठिकाणी मरते. एक, खरखर घालवायच्या नादात वरचे स्वर कापले जातात आणि खरखरीबरोबर झांजाही जातात. दोन, साठच्या दशकातल्या पुनर्प्रकाशनांत एकच आवाज दोन स्पीकरमध्ये फोडून खोटा स्टिरिओ बनवला गेला आणि वर घुमटातला प्रतिध्वनी घातला गेला. हेडफोनवर बँड एका कानात घोगरा आणि दुसऱ्यात पत्र्यासारखा लागला तर ती आवृत्ती सोडून द्या. तीन, जे ‘मूळ’ म्हणून लागतं ते मूळ नसतंच, त्याच बँडनेत्याने पन्नास-साठच्या दशकांत नव्या वादकांना घेऊन पुन्हा केलेलं असतं. पुनर्मुद्रण वाईटच असतं असं नाही, पण लेस्टर यंग ऐकायला बसलात आणि तो तिथे नसेल तर फसवणूकच झाली. म्हणून गाण्याच्या नावाने शोधू नका. बँड, कंपनी आणि तारीख, तिन्ही लिहून शोधा. अमेरिकन मुद्रणांची तारीख, वादक आणि मॅट्रिक्स क्रमांक (त्या मुद्रणाला कंपनीने दिलेला क्रमांक) कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा केंद्राच्या ऑनलाइन सूचीत मिळतात. नियम म्हणून धरा: थोडी खरखर असलेली, झांजा ऐकू येणारी आवृत्ती ही स्वच्छ आणि मुकी आवृत्तीपेक्षा केव्हाही बरी. खरखरीची कानाला दहा मिनिटांत सवय होते, गेलेल्या झांजा परत येत नाहीत.

माळ्यावरच्या तबकड्यांना हात लावायच्या आधी हे वाचा. त्या लाखेच्या असतात. स्पिरिट, सॅनिटायझर, अल्कोहोल असलेलं कुठलंही द्रावण लावलं की पृष्ठभाग विरघळतो आणि तबकडी गेली. कोमट डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब, लहान मुलांचा मऊ टूथब्रश, खाचांच्या दिशेनेच गोल फिरवायचा. मधला कागदी लेबलचा भाग कोरडाच ठेवायचा, मग साध्या डिस्टिल्ड वॉटरने पुसून सुती कपड्याने लगेच कोरडं करायचं. भिजत घालू नका, उन्हात ठेवू नका, ती पापडासारखी वाकते. पावसाळ्यात पांढरी बुरशी येते, ती या धुण्याने निघते, पण जुनी दमट पाकिटं फेकून नवी घालावी लागतात, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तेच. तबकड्या उभ्या ठेवा. आडव्या थप्पीत खालची तडकते.

वाजवताना सगळ्यात मोठी चूक म्हणजे एलपीची (नंतरच्या, मिनिटाला ३३ फेरे घेणाऱ्या तबकडीची) पिन. एलपीची खाच अरुंद, तिची पिन साधारण ०.७ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे १८ मायक्रॉन. ७८ची खाच रुंद, तिला तीन मिल, म्हणजे ७६ मायक्रॉनची पिन लागते. बारीक पिन खाचेच्या भिंतींना न टेकता तळाला घासत जाते, तळात साठलेली धूळच वाचते आणि मग लोक म्हणतात तबकडी खराब आहे. बाजारातले सुटकेसछाप प्लेअर ‘७८ चालते’ म्हणतात, तेव्हा वेग ७८ असतो, पिन एलपीचीच. कार्ट्रिजला, म्हणजे पिन बसते त्या भागाला, ७८ची वेगळी पिन मिळते की नाही ते विकत घेण्यापूर्वी विचारा. भार तीन ते पाच ग्रॅम. चावीच्या ग्रामोफोनवर लावणार असाल तर प्रत्येक बाजूला नवी स्टीलची पिन. ती मुद्दाम मऊ असते, एका बाजूत झिजते, आणि झिजलेली पिन पुढच्या बाजूची खाच कोरून काढते. एकमेव प्रत असेल तर चावीच्या यंत्रावर लावूच नका, तिथला भार ग्रॅममध्ये मोजावा असा नसतो.

डिजिटल करताना दोन गोष्टी. या तबकड्या मोनो आहेत, पिन आडवी हलते. स्टिरिओ कार्ट्रिज उभी हालचालही वाचतं, आणि त्यात खरखरीशिवाय काही नसतं. ऑडॅसिटीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये डावा-उजवा एकत्र करून मोनो केलं की ही उभी खरखर एकमेकीला खाते, फुकटात निम्मं काम होतं. दुसरी गोष्ट इक्वलायझेशनची, म्हणजे वरच्या-खालच्या आवाजाचा तोल साधण्याची. आजचा फोनो प्रीॲम्प (तबकडीचा क्षीण आवाज वाढवणारं यंत्र) आरआयएए नावाच्या ठरीव वळणाचा असतो, आणि ते प्रमाण १९५४च्या सुमाराचं. तो दहा हजार हर्ट्झला जवळपास १४ डेसिबल वरचा आवाज कापतो आणि पाचशे हर्ट्झखालचा उचलतो. एचएमव्हीच्या त्या काळच्या बऱ्याच तबकड्यांत वरचा आवाज वाढवलेलाच नव्हता आणि खालचं वळण अडीचशेच्या आसपास होतं. साहजिकच वरचं गायब, खालचं बदाबदा. दबक्या आवाजाचं हे चौथं कारण. सॉफ्टवेअरमध्ये आरआयएए उलटवून २५० हर्ट्झचं वळण लावा, मग आठ हजारांच्या वरचं हळूहळू उतरवा. टर्नटेबलला ७८ नसेल तर ४५वर वाजवून वेग ७३.३ टक्के वाढवता येतो, पण मग आरआयएए वेग बदलण्याआधी उलटवायचं आणि २५०चं वळण वेग बदलल्यानंतर लावायचं.

नाच. हे संगीत पायांसाठी केलेलं आहे आणि दोन मूलभूत पावलं आली तरी ऐकण्यात फरक पडतो. लिंडी हॉप, म्हणजे हार्लेमचा जोडीचा नाच, त्याची सहा मोजण्यांची चाल अशी: एकला एक पाय मागे, दोनला पुढचा पाय जागेवर, मग ‘तीन-आणि-चार’ अशी तीन छोटी पावलं, ‘पाच-आणि-सहा’ अशी आणखी तीन. पुढाकार घेणारा डाव्या पायाने सुरू करतो, जोडीदार उजव्या. आठची चाल: एक, दोन, तीन-आणि-चार, पाच, सहा, सात-आणि-आठ. तिहेरी पावलं पावलाभर नाही, वीतभर घ्यायची. लय वाढली की नवखे पावलं मोठी करतात आणि हमखास मागे पडतात. वजन पुढच्या चवड्यावर, गुडघे सैल, उसळी खाली, जमिनीत. वर उडी मारल्यासारखी उसळी दिसली की ओळखावं, माणूस बेस ऐकत नाहीये.

इथे थोडं गणित उपयोगी पडतं. बारा मापांचं ब्लूज ४८ ठोक्यांचं, त्यात सहाच्या चाली आठ बसतात आणि आठच्या सहा, दोन्ही बरोबर फेऱ्याच्या शेवटी संपतात. बत्तीस मापांच्या गाण्यात आठ मापांची एक ओळ ३२ ठोक्यांची. तिथे नुसत्या सहाच्या चाली केल्या तर पाच चालींनंतर दोन ठोके उरतात आणि नाच ओळीपासून सुटतो. उपाय: चार सहाच्या आणि एक आठची, झाले बत्तीस. ओळीची शेवटची चाल आठची ठेवली की बँड नव्या ओळीत शिरतो तेव्हा तुमचंही पाऊल नव्याने पडतं. पाहणाऱ्याला कारण कळत नाही, पण ‘यांना गाणं कळतंय’ एवढं कळतं.

बूट आणि फरशी हा आपल्याकडचा खरा प्रश्न. रबरी तळव्याचे स्पोर्ट्स शूज फरशीला चिकटतात, शरीर वळतं, पाऊल वळत नाही आणि गुडघा पिळवटतो. नवं काही घेण्याऐवजी जुन्या कॅनव्हास बुटांना चांभाराकडून मऊ, खरबरीत चामड्याचा तळ चिकटवून घ्या आणि तो तारेच्या ब्रशने अधूनमधून खरवडा. बाहेर घालून जाऊ नका, पावसात एकदा भिजला की संपला. हॉलची गुळगुळीत टाइल्सची फरशी घसरडी आणि कडक असते, तिथे उलट थोडा पकड देणारा तळ बरा, आणि दोन तासांपेक्षा जास्त नाचू नये. पोटऱ्या आणि नडगी दुसऱ्या दिवशी बोलतात. चिकट फरशीवर कॅरमची पावडर टाकायची कल्पना कुणाला तरी सुचतेच. टाकू देऊ नका. एका कोपऱ्यात टाकलेली पावडर अर्ध्या तासात सगळीकडे पसरते आणि कुणीतरी आपटतं.

नाचासाठी गाणी निवडताना लय मोजा: पंधरा सेकंदांतले ठोके गुणिले चार. नवख्यांना मिनिटाला १२० ते १४० ठोके, सरावलेल्यांना १४० ते १८०. दोनशेच्या वर लिंडी हॉप जड होतो, तिथे बाल्बोआ कामाला येतो, दक्षिण कॅलिफोर्नियातल्या गर्दीच्या हॉलमध्ये तयार झालेला, छातीला छाती लावून बारीक पावलांचा. सलग दोन जलद गाणी लावू नका, मोकळ्या हॉलमध्येही फरशी रिकामी होते. मध्यम, जरा जलद, एक जलद, मग हळू, अशी लाट ठेवा. बेसीच्या पन्नासच्या दशकातल्या बँडचं ‘शायनी स्टॉकिंग्ज’ थकलेल्यांना परत फरशीवर आणतं आणि ‘जंपिन’ ॲट द वुडसाइड’ (१९३८) रात्रीतून एकदाच पुरे. हॉलच्या स्पीकरवर दोन्ही बाजू मोनो करा, साठ हर्ट्झखालचं कापा (तिथे तबकडीची घरघर असते), ८० ते १२० दरम्यान दोन-तीन डेसिबल उचला म्हणजे बेस जमिनीपर्यंत पोचतो. वरचा आवाज कापू नका. १९३७चं आणि १९५७चं मुद्रण लागोपाठ लावायचं तर आवाजाची पातळी आधी जुळवून ठेवा, नाहीतर दुसरं अंगावर येतं.

जिवंत बँडची पानं नवी असोत की जुनी, ड्रम आणि बेस ऐकून पाच मिनिटांत अंदाज येतो. ड्रमवाला सगळं वरच्या मोठ्या झांजेवर वाजवत असेल, बेस ॲम्प्लिफायरमधून घुमत असेल आणि गिटारवाल्याने आवाज इतका वाढवलेला असेल की तो वेगळा ऐकू येतो, तर वाद्यं सतरा असूनही ते स्विंग काळाचं नाचाचं संगीत होणार नाही. बसून ऐकायला कदाचित उत्तम असेल. तुम्हीच कार्यक्रम ठरवत असाल तर बँडला तीन गोष्टी आधी सांगा: गाणं चार मिनिटांच्या आत, एकट्याचं वादन एक-दोन फेरे, आणि लय मिनिटाला किती ठोके ते आकड्यात. ‘जरा नाचण्यासारखं’ असं सांगितलं तर प्रत्येक जण आपल्या उत्साहाने वाढवतो.

मराठी कानाला एक जवळची वाटही आहे. १९३५ साली अमेरिकन काळ्या वादकांचा लिऑन ॲबीचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. त्यानंतर क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड आले. त्यांच्या आसपास गोव्याची पोरं हे संगीत उचलत होती. चर्चच्या शाळांत ती स्टाफ नोटेशन वाचायला शिकलेली, त्यामुळे लिहिलेली पानं त्यांना अडली नाहीत. ट्रंपेटवाला चिक चॉकलेट, म्हणजे अंतोनियो झेवियर वाझ, त्यांतलाच. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, आपले सी. रामचंद्र, यांच्याबरोबर त्याने काम केलं. ‘अलबेला’ (१९५१) मधलं ‘शोला जो भडके’ लावा. ते शुद्ध स्विंग नाही, लॅटिनकडे झुकलेलं आहे, पण ओळींच्या मधल्या जागेत ट्रंपेट कशी उत्तरं देतात ते ऐका आणि लगेच बेसीच्या शेवटच्या तीन फेऱ्यांकडे जा. माळ्यावरच्या तबकड्यांत या गाण्यांशेजारी एखादी इंग्रजी लेबलची नाचाची तबकडी निघण्याचीही शक्यता असते. लेबलवर बँडच्या नावाखाली ‘फॉक्सट्रॉट’ असं लिहिलेलं दिसलं तर ते गाण्याचं नाव नाही, कुठला नाच करायचा ते सांगितलेलं आहे. मधल्या गुळगुळीत भागात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक तिरप्या उजेडात वाचून लिहून ठेवा, आणि तो लेबलवरच्या क्रमांकाशी गल्लत करू नका, तारीख त्यावरूनच निघते.